कॉन्व्हेंटची रांग आणि पालकाची सही

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. डिसेंबरची पहाट होती. आमच्या उपनगरातील एका नामांकित मिशनरी शाळेच्या फाटकाबाहेर पदपथावर घडीच्या खुर्च्यांची रांग लागली होती. कुणी शाल पांघरून बसलेले, कुणी थर्मासमधला चहा शेजाऱ्याला देत असलेले. बालवर्गाच्या प्रवेशाचे अर्ज सकाळी आठ वाजता मिळणार होते आणि ही मंडळी रात्री अकरापासून तेथे होती. आता अर्ज संगणकावर भरले जातात, त्यामुळे रांग डोळ्यांना दिसत नाही. पण ती संपली आहे, असे मात्र कुणी समजू नये.

त्या रांगेत माझे एक जुने स्नेही दिसले. लहानपणी आम्ही एकाच मैदानावरील शाखेत जात होतो. मला पाहून ते थोडे ओशाळले. "अहो, काय करणार! सूनबाईंचा आग्रह आहे. आणि खरं सांगायचं तर शिस्त चांगली असते हो त्यांची," असे म्हणून त्यांनी विषय बदलला. पुढे त्यांच्या नातीला प्रवेश मिळाला. पेढेही वाटले गेले.

दोन-अडीच वर्षांनी त्याच स्नेह्यांचा संतप्त दूरध्वनी आला. मामाच्या लग्नाहून परतलेली नात हातावरच्या मेंदीसह शाळेत गेली, तेव्हा तिला वर्गाबाहेर उभे केले गेले होते. बांगड्या काढायला लावल्या, टिकली पुसायला लावली. पोर रडतच घरी आली. "तुम्ही पत्रकार ना? मग लिहा तुमच्या लेखणीने! या लोकांची मुजोरी उघडी पाडा!" असा त्यांचा आग्रह होता. मी त्यांना एकच प्रश्न विचारला : "प्रवेशाच्या वेळी शाळेची नियमपुस्तिका मिळाली होती. तिच्या शेवटच्या पानावर 'सर्व नियम व उपक्रम मान्य आहेत' असे लिहून खाली पालकाची सही घेतली जाते. ती कुणी केली होती?" पलीकडून बराच वेळ उत्तर आले नाही.

वाचकहो, हा लेख त्या सहीविषयी आहे. मिशनरी शाळांविषयी आपण पुष्कळ बोलतो. त्या शाळांच्या कागदांवर आपण कशावर सही करतो, याविषयी मात्र आपण मौन पाळतो.

शाळेतील एक दिवस

ज्यांची मुले अशा शाळांत शिकलेली नाहीत, त्यांच्यासाठी तेथील दिनक्रम थोडक्यात सांगितला पाहिजे. सकाळी मैदानावर सभा. हात जोडून वा हातावर हात ठेवून, डोळे मिटून इंग्रजी प्रार्थना. बऱ्याच ठिकाणी ती प्रार्थना सर्वसामान्य 'ईश्वरा'ला उद्देशून असते, काही ठिकाणी ती थेट येशूच्या नावाने संपते. मुलांची चार गटांत विभागणी असते आणि त्या गटांना अनेकदा ख्रिस्ती संतांची वा संस्थापक धर्मगुरूंची नावे असतात. ख्रिस्ती मुलांना धर्मशिक्षणाचा तास असतो आणि त्याच वेळी इतरांना नीतिशिक्षणाचा. मधल्या सुट्टीत मराठीत बोलताना सापडलेल्या मुलाला दंड किंवा वहीत शेरा. कोकणच्या दमट उन्हाळ्यातही गळ्यात टाय. नाताळची सुट्टी भरपूर; गणेशोत्सवाच्या दिवसांत मात्र चाचणी परीक्षा कधी कधी नेमकी गौरींच्या आसपास.

यातील प्रत्येक गोष्ट प्रत्येक शाळेत घडते, असे मी म्हणणार नाही. ते सत्य होणार नाही. अनेक मिशनरी शाळांत दिवाळीचे आकाशकंदील लागतात, गुरुपौर्णिमा होते, मराठीचे उत्तम शिक्षक असतात. तेथील कित्येक शिक्षिकांनी आयुष्य वेचून मुले घडवली, हेही कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. पण वर वर्णिलेल्या गोष्टी आपल्यापैकी कुणाला अनोळखी वाटल्या का? नाही. याचा अर्थ त्या अपवादात्मक नाहीत.

आणि या सर्वांचा परिणाम काय? आपल्या गोटात लगेच 'धर्मांतर' हा शब्द उच्चारला जातो. मला वाटते, शहरी मध्यमवर्गापुरते तरी ते निदान चुकीचे आहे. पिढ्यान् पिढ्या लाखो हिंदू मुले या शाळांतून बाहेर पडली आणि हिंदूच राहिली. त्या मुलांनी धर्म बदलला नाही. पण स्वतःच्या भाषेचा आणि चालीरीतींचा संकोच मात्र त्यांच्यात रुजला. मित्र घरी आले की आजीने नऊवारीत दिवाणखान्यात येऊ नये, असे वाटणारा मुलगा कोणत्याही चर्चमध्ये गेलेला नसतो. त्याला हे कुणी शिकवले? शाळेने थोडे शिकवले असेल. जास्त तर आपणच शिकवले, कारण कपाळावरची टिकली ही लपवण्याची वस्तू आहे, यावर पहिली सही आपण केली होती.

एकोणिसाव्या शतकाचा धडा

हा प्रश्न महाराष्ट्रापुढे प्रथमच उभा राहिलेला नाही. रेव्हरंड जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मुंबईत शाळा सुरू केली. १८३९ मध्ये त्यांच्या संस्थेतील दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. पारशी समाज खवळून उठला, प्रकरण न्यायालयात गेले आणि पारशांनी आपली मुले त्या शाळेतून काढून घेतली. १८४३ मध्ये शेषाद्री बंधूंचे प्रकरण घडले. थोरल्या नारायणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. धाकटा श्रीपती अजाण होता. तो न्यायालयामार्फत पित्याच्या स्वाधीन झाला. पण खरा पेच त्यानंतर सुरू झाला. मिशनऱ्यांच्या घरी राहिलेल्या या पोराला ज्ञातीत परत घ्यायचे की नाही?

सनातनी मंडळींनी दार लावून घेतले. ते उघडावे म्हणून उभे राहिले ते बाळशास्त्री जांभेकर. १८३२ मध्ये 'दर्पण' काढणारे, मराठी वृत्तपत्रसृष्टीचे जनक. मुलाला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे, असा आग्रह त्यांनी धरला आणि त्यापायी स्वजनांचाच रोष ओढवून घेतला. आम्हा पत्रकारांचा आद्य पूर्वज मिशनऱ्यांशी वाद घालण्यात कमी पडला नाही; पण त्याची सर्वांत कठीण लढाई झाली ती आपल्याच माणसांशी. ही गोष्ट आपण विसरतो.

आणखीही एक गोष्ट आपण सोयीने विसरतो. महाराष्ट्रात मुलींसाठी आधुनिक शाळा प्रथम मिशनऱ्यांनी काढल्या. अहमदनगरला मिस फरार यांची मुलींची शाळा पाहून महात्मा फुल्यांना प्रेरणा मिळाली आणि १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात शाळा उभी राहिली. जे काम आपण करायला हवे होते ते आपण केले नाही, म्हणून दुसऱ्यांनी ते केले. त्यांच्या हेतूची चिकित्सा जरूर करावी. पण आपली निष्क्रियता त्यामागे लपवू नये.

त्या निष्क्रियतेला पुणेकरांनी दिलेले उत्तर आठवा. जानेवारी १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले. आगरकर लवकरच येऊन मिळाले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्गसन महाविद्यालय. लाहोरला १८८६ मध्ये आर्य समाजीयांची दयानंद अँग्लो-वैदिक शाळा. १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांची रयत शिक्षण संस्था. १९२१ मध्ये पार्ल्यात टिळक विद्यालय, १९४० मध्ये दादरला बालमोहन. १९५२ मध्ये गोरखपूरला पहिले सरस्वती शिशु मंदिर. या माणसांनी मिशनरी शाळेसमोर निदर्शने करण्यात आयुष्य घालवले नाही. त्यांनी शाळा काढल्या. आणि त्या इतक्या चांगल्या चालवल्या की लोकांना दुसरीकडे जाण्याची गरज वाटेना.

जाता जाता एक कटू सत्य. मेकॉलेच्या नावावर 'मी भारताच्या कानाकोपऱ्यात हिंडलो' अशा आशयाचे एक अवतरण आपल्या बौद्धिकांत आणि पत्रकांत आवडीने वापरले जाते. ते बनावट आहे. ज्या तारखेला, २ फेब्रुवारी १८३५ रोजी, ते ब्रिटिश पार्लमेंटमध्ये उच्चारले असे सांगतात, त्या वेळी मेकॉले कलकत्त्यात होता. त्याच तारखेचे त्याचे शिक्षणविषयक टिपण मात्र अस्सल आहे आणि पौर्वात्य विद्येविषयीची तुच्छता त्यात उघड आहे. खरा पुरावा हाताशी असताना खोट्याची उसनवारी कशाला?

घटनेने दिलेला अधिकार

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. ती सही.

भारतीय राज्यघटनेच्या कलम ३० ने धार्मिक व भाषिक अल्पसंख्यांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा आणि चालवण्याचा अधिकार दिला आहे. हे कलम आपल्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ असते. परंतु त्याच्या दोन पाने अलीकडे असलेले कलम २८(३) किती जणांनी वाचले आहे? ते सांगते की, राज्याची मान्यता असलेल्या किंवा राज्याकडून अनुदान घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत विद्यार्थ्याला धार्मिक शिक्षणात वा उपासनेत भाग घेण्यास भाग पाडता येणार नाही. विद्यार्थी अज्ञान असेल, तर त्यासाठी पालकाची संमती लागेल.

संमती! घटनाकारांनी किल्ली पालकाच्या हाती दिली आहे. आणि आपण ती प्रवेशाच्या घाईत, न वाचता, नियमपुस्तिकेच्या शेवटच्या पानावर सोडून येतो.

याच संदर्भात एक निकाल प्रत्येक पालकाने जाणून घ्यावा. केरळमधील तीन ख्रिस्ती भावंडे 'यहोवाचे साक्षीदार' या पंथाची होती. ती राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण पंथाच्या श्रद्धेमुळे ते म्हणत नसत. एका हिंदू समाजसंस्थेने चालवलेल्या शाळेतून १९८५ मध्ये त्यांना काढून टाकण्यात आले. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बिजो इमॅन्युएल खटल्यात त्यांना परत घेण्याचा आदेश दिला. हा निकाल आपल्यातील अनेकांना रुचला नाही. मलाही तो वाचताना प्रथम जड गेला. पण त्याचे तत्त्व नीट समजून घ्या : शाळेच्या शिस्तीपेक्षा लेकराच्या सदसद्विवेकाचे मोल मोठे आहे. हे तत्त्व हिंदू संस्थेच्या शाळेतील ख्रिस्ती मुलांना लागू होत असेल, तर मिशनरी शाळेतील हिंदू मुलीच्या टिकलीला ते का लागू होऊ नये? ज्यांनी त्या निकालाचे स्वागत केले, ते विचारवंत मेंदीसाठी वर्गाबाहेर उभ्या राहिलेल्या मुलीविषयी दोन ओळी तरी का लिहीत नाहीत?

निधर्मीपणाची ही एकांगी तराजू आपल्याला सलते, ते योग्यच आहे. पण पालकाने स्वतः लेखी अर्ज द्यायला हवा. 'आमच्या पाल्याला अमुक उपासनेतून वगळावे, आमची त्यास संमती नाही.' असा अर्ज देणारे पालक तुम्हांला किती माहीत आहेत?

अल्पसंख्य संस्था नेमक्या कुणासाठी?

१९५८ मध्ये केरळ शिक्षण विधेयकावर मत देताना सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की, थोडे बाहेरचे विद्यार्थी घेतले म्हणून संस्थेचे अल्पसंख्य स्वरूप नष्ट होत नाही. त्यासाठी वापरलेल्या शब्दाचा अर्थ 'शिंतोडे' असा होतो. आता राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला अहवाल पाहा. देशातील धार्मिक अल्पसंख्यांच्या लोकसंख्येत ख्रिस्ती समाजाचा वाटा ११.५४ टक्के, परंतु धार्मिक अल्पसंख्य शाळांत ख्रिस्ती शाळांचा वाटा सुमारे ७२ टक्के. आणि त्या ख्रिस्ती शाळांतील सुमारे ७४ टक्के विद्यार्थी अल्पसंख्य नसलेल्या समाजांतील. शिंतोडे कसले? हा तर महापूर आहे.

आता याला शिक्षणहक्क कायद्याची जोड द्या. २००९ च्या त्या कायद्याने खासगी शाळांवर प्रवेशवर्गातील २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांना देण्याचे बंधन घातले. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनाअनुदानित अल्पसंख्य शाळांना त्यातून वगळले आणि ६ मे २०१४ रोजी प्रमती खटल्यात घटनापीठाने सर्वच अल्पसंख्य शाळांना कायद्याबाहेर ठेवले. त्याच आयोगाच्या अहवालानुसार अल्पसंख्य शाळांतील वंचित व दुर्बल घटकांतील विद्यार्थी ९ टक्क्यांहूनही कमी आहेत. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन सदस्यीय पीठाने प्रमती निकालाविषयी गंभीर शंका व्यक्त करून प्रकरण मोठ्या पीठाकडे जावे म्हणून सरन्यायाधीशांपुढे ठेवले. ही सूट किती विपरीत ठरली आहे, हे न्यायसंस्थेलाही जाणवू लागले आहे, असा याचा अर्थ.

पण इथेही आपण आरशात पाहिले पाहिजे. अल्पसंख्यांच्या संरक्षणासाठी दिलेल्या सुटीचा लाभ प्रत्यक्षात कुणाला होतो? झोपडीत राहणाऱ्या ख्रिस्ती मुलाला? क्वचित. तो लाभ होतो तुम्हा-आम्हाला. आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईंचा मुलगा त्या वर्गात आपल्या मुलाशेजारी बसू शकत नाही, कारण शाळा कायद्याबाहेर आहे. या अन्यायाविरुद्ध मध्यमवर्गीय हिंदू पालकांनी कधी मोर्चा काढल्याचे मला स्मरत नाही. उलट 'वातावरण चांगले असते' हे त्या शाळेच्या आकर्षणाचे जे कारण आपण देतो, त्यात ही गोष्टही गुपचूप बसलेली असते. एकीकडे समरसतेवर व्याख्यान द्यायचे आणि दुसरीकडे गरिबाचे पोर जेथे येऊ शकणार नाही अशी शाळा शोधायची, ही दुटप्पी रीत आपल्यालाच शोभत नाही.

दगड नव्हे, वीट

संतापाच्या भरात काही जण दुसऱ्या टोकाला जातात. मध्य प्रदेशात गंज बासोदा येथे ६ डिसेंबर २०२१ रोजी एका मिशनरी शाळेत बारावीची मुले परीक्षा देत असताना जमावाने दगडफेक केली. त्या वर्गात बसलेली मुले कुणाची होती? बहुतेक आपलीच. आणि ती आपली नसती, तरीही परीक्षेला बसलेल्या मुलांवर काचा उडवणे हे कोणत्या धर्मात बसते? दगडाने खिडकी फुटते, शाळा उभी राहत नाही. ज्यांना हे पटत नाही, त्यांनी चिपळूणकर-टिळकांचे नाव घेऊ नये.

मग करावे काय? माझ्या अल्पमतीप्रमाणे चार गोष्टी.

पहिली : ज्यांची मुले आज मिशनरी शाळांत आहेत, त्यांनी नियमपुस्तिका वाचावी आणि कलम २८(३) चा आधार घेऊन लेखी, सभ्य भाषेत आपले म्हणणे मांडावे. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने स्वतःच २०२४ मध्ये आपल्या शाळांना मार्गदर्शक सूचना दिल्या. अन्य धर्मीय विद्यार्थ्यांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत, सर्व धर्मांचा आदर राखावा, सकाळच्या सभेत राज्यघटनेची उद्देशिका म्हणावी, असे त्यांत म्हटले आहे. हे स्वागतार्ह आहे. त्या सूचनांची प्रत घेऊन मुख्याध्यापकांना भेटा. त्यांच्याच वरिष्ठांचा शब्द त्यांना नाकारता येणार नाही.

दुसरी : मराठीचा आग्रह. २०२० च्या अधिनियमानुसार महाराष्ट्रातील कोणत्याही मंडळाच्या शाळेत पहिली ते दहावी मराठी शिकवणे सक्तीचे आहे. उल्लंघनाला एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. आपल्या शाळेत त्याची अंमलबजावणी कशी होते, हे विचारणारा पालक-शिक्षक संघाच्या सभेत एक तरी असावा. आणि तो घरीही मुलांशी मराठीत बोलणारा असावा.

तिसरी : सूट रद्द करण्याच्या मागणीत गरिबाच्या मुलाचा हक्क अग्रभागी ठेवा. 'त्यांना मिळते, मग आम्हांलाही सूट द्या' अशी मागणी काही हिंदू संस्थाचालक करतात. तिला आपला पाठिंबा असता कामा नये. कायदा सर्व शाळांना सारखा असावा, ही मागणी न्यायाची आहे. आम्हांलाही पळवाट द्या, ही मागणी स्वार्थाची.

चौथी आणि सर्वांत अवघड : आपल्या शाळा. हिंदू विश्वस्तांच्या अनेक शाळांची आज काय दशा आहे? देणगीचे आकडे, रिकामी ग्रंथालये, नातेवाइकांच्या नेमणुका, कंत्राटी शिक्षकांचे तुटपुंजे वेतन. नावात 'सरस्वती' किंवा 'विद्या' असले म्हणजे ती तेथे वास करते असे नाही. गावोगावच्या मराठी शाळा पटसंख्येअभावी बंद पडत असताना आपल्या किती कार्यकर्त्यांची मुले त्यांत होती? पुण्यात अप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी उभी केली, तेव्हा त्यांनी कॉन्व्हेंटला शिव्या दिल्या नाहीत. बुद्धिमान मुलांना आव्हान देणारे शिक्षण त्यांनी दिले आणि पालक आपणहून आले. ज्याला आपण 'त्यांची शिस्त' म्हणतो, तिचे रहस्य सोपे आहे : शिक्षक वेळेवर येतात, वर्ग होतात, स्वच्छतागृहे स्वच्छ असतात. हे करायला रोमहून परवानगी आणावी लागत नाही.

माझ्या स्नेह्यांकडे परत येतो. त्या दूरध्वनीनंतर ते सूनबाईंना घेऊन शाळेत गेले. भांडले नाहीत. लेखी अर्ज दिला. घरातील मंगलकार्यानंतर मेंदी आणि सणाच्या दिवशी टिकली यांविषयी मुलीला शिक्षा होऊ नये, अशी विनंती केली आणि घटनेच्या कलमाचा उल्लेख केला. मुख्याध्यापिका शांतपणे ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "इतक्या वर्षांत असं लिहून देणारे तुम्ही पहिलेच." पुढच्या वर्षीच्या नियमपुस्तिकेत मेंदीचा नियम शिथिल झाला.

हे वाक्य ऐकल्यापासून मी अस्वस्थ आहे. इतक्या वर्षांत हजारो हिंदू घरांनी त्या पानावर सही केली आणि लिहून देणारे घर एकच निघाले. अतिक्रमण झाले असेल, पण दार आपणच उघडे ठेवले होते. नव्या शैक्षणिक वर्षाची पुस्तिका हाती येईल, तेव्हा पेन उघडण्यापूर्वी एकदा शेवटचे पान वाचा. आणि ज्यांच्या अंगी सामर्थ्य आहे, त्यांनी आपल्या वस्तीत एक अशी शाळा उभी करावी, जिच्या दाराबाहेर ख्रिस्ती पालकालाही आपल्या मुलासाठी रांगेत उभे राहावेसे वाटेल, आणि जिच्या नियमपुस्तिकेवर सही करताना त्याला आपल्या लेकराच्या गळ्यातील क्रूसाची काळजी करावी लागणार नाही. आपल्या संस्कृतीच्या मोठेपणाची याहून चोख परीक्षा मला तरी ठाऊक नाही.